जनसुनावणीत बोलायचं की लेखी हरकत द्यायची?

नव्या कोळसा खाणीची नोटीस वर्तमानपत्रात आली आहे, पर्यावरण मंजुरीआधीच्या जनसुनावणीला महिनाभर आहे, आणि तुमच्याकडे वेळ आणि दम एकाच कामापुरता आहे. मंडपात जाऊन माईक धरायचा, की घरी बसून नीट हरकत लिहून ती दाखल करायची? "दोन्ही करा" हा सल्ला सगळेच देतात. बरोबरच आहे तो. पण शेतीची कामं, रोजी आणि घरची आजारपणं सांभाळून दोन्ही नीट करणारे लोक मी फार कमी पाहिले. बहुतेक जण एकच करतात आणि दुसरं उरकतात. मी दोन्ही करून पाहिलेलं आहे, वेगवेगळ्या खाणींच्या वेळी. कोणत्या खाणी, कोणतं साल, ते इथे सांगत नाही. पट्टा विदर्भातला, एवढं पुरे.

पण त्याआधी पारावरच्या प्रश्नाचा निकाल लावू. "सगळं आधीच ठरलेलं असतं, आपण बोलून काय उपयोग?" असं म्हणणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथं आलं. त्यानंतर जानेवारी २०१० मध्ये अशा अतिप्रदूषित भागांत नव्या प्रकल्पांच्या मंजुऱ्या थांबवल्या गेल्या, आणि पुढे ती बंदी टप्प्याटप्प्याने उठलीही. जून २०२० मध्ये कोळशाच्या व्यावसायिक लिलावाची घोषणा झाली. पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य जाहीर केलं. आणि २०२४-२५ मध्ये देशाचं कोळसा उत्पादन एका वर्षात १०० कोटी टनांच्या पुढे गेलं. ही तिन्ही वाक्यं एकाच सरकारची आहेत. धोरणकर्ते म्हणतील की यात विसंगती नाही, विजेची मागणी वाढते आहे, संक्रमणाला वेळ लागतो. असेलही. पण खाणीच्या कडेला राहणाऱ्या माणसाला ते संक्रमण दिसत नाही. त्याला दिसतो तो वाढत जाणारा मातीचा ढिगारा.

शिवाय ज्या सुनावणीबद्दल आपण बोलतोय ती प्रत्येक वेळी होतेच असंही नाही. चालू खाणीची क्षमता ठरावीक मर्यादेपर्यंत वाढवायची असेल तर जनसुनावणीतून सूट मिळण्याची सोय २०१७ मध्ये झाली. तेव्हा मर्यादा ४० टक्क्यांची होती, मे २०२२ मध्ये ती ५० टक्क्यांवर गेली. म्हणजे छोट्या खाणीच्या नावाने एकदा सुनावणी झाली की पुढची वाढ बरीचशी कागदावरच होऊ शकते. या सुनावण्या ज्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली होतात, तिच्या २०२० च्या नव्या मसुद्यात तर लोकांना मत देण्याची मुदत ३० दिवसांवरून २० वर आणण्याचा प्रस्ताव होता. तो मसुदाही सुरुवातीला इंग्रजी आणि हिंदीतच निघाला. तो २२ भाषांत उपलब्ध करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

तरीही मी "काय उपयोग" या गटात नाही. ताडोबाजवळच्या लोहारा खाणीचा प्रस्ताव २००९-१० च्या सुमारास मोठ्या विरोधानंतर मागे पडला. बंदर नावाचा कोळसा पट्टा २०२० मध्ये राज्य सरकारच्या हरकतीनंतर लिलावाच्या यादीतून वगळला गेला. अर्थात दोन्हीकडे वाघ होते. ज्या गावाच्या नशिबी वाघ नाही, त्याला कागदच लागतो. आणि मुळात तुम्ही सुनावणीला जाणार की अर्ज लिहिणार या विचारात आहात, म्हणजे तुम्हीही पारावरच बसून राहणाऱ्यांतले नाही.

आधी सुनावणीची बाजू, कारण तिची बाजू खरंच भक्कम आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार ती प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या जवळ घ्यावी लागते, जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्षस्थानी लागतो. गणपूर्तीची अट नाही. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारण्याची संधी द्यावी लागते. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही, खाणीचे पर्यावरणावरचे परिणाम सांगणारा कंपनीचा इंग्रजी अहवाल वाचलेला असण्याची गरज नाही. आमच्याकडे एका म्हातारीने माईक हातात घेऊन फक्त तिच्या विहिरीचं सांगितलं. शेजारची जुनी खाण खोल गेली तशी विहीर कशी उतरत गेली, दोर किती वेळा वाढवावा लागला, आणि शेवटी सुनेने टँकरच्या रांगेत कशी भांडणं केली. अहवालातल्या तज्ज्ञांच्या भूजलावरच्या प्रकरणापेक्षा ते जास्त समजत होतं. मंचावरच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं. हे कागदाने होत नाही, हे मी मान्य करतो.

दुसरं म्हणजे चित्रीकरण. सुनावणीचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं, आणि ते कधीकधी फार मोठं काम करून जातं. छत्तीसगडमधल्या रायगड जिल्ह्यात गारे ४/६ कोळसा खाणीची सुनावणी जानेवारी २००८ मध्ये झाली होती, लाठीमारासह. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तिची चित्रफीत पाहिली, ही सुनावणी म्हणजे थट्टा होती असं ठरवलं आणि एप्रिल २०१२ मध्ये त्या खाणीची पर्यावरण मंजुरी रद्द केली. मंडपात कोणी नसतं तर ती फीत रिकाम्या खुर्च्यांची झाली असती.

मंडपातली हवा मात्र सोपी नसते. पहिल्या रांगा आधीच भरलेल्या असतात. त्यात शेजारच्या गावांतून गाड्या भरून आलेली पोरं असतात, ज्यांना नोकरी हवी आहे. त्यांना मी शत्रू मानत नाही. सातबाऱ्यावर दोन एकर आणि घरात तीन भाऊ असतील तर खाणीतली नोकरी हा मूर्खपणाचा हट्ट नव्हे. पण तुम्ही माईकवर "खाण नको" म्हणता तेव्हा ते तुमच्या चुलतभावाच्या पोराला ऐकू जातं, जो ठेकेदाराकडे डंपर चालवतो. तिसऱ्या दिवशी तेरवीच्या पंगतीत तुम्ही दोघं समोरासमोर बसता. अर्ज मुकाट्याने जातो, भाषण गावभर जातं. काहींना हे चालतं, काहींना नाही. घरात कोणी खाणीवर रोजंदारीला असेल तर नीट विचार करा.

यापैकी कशामुळेही माझा निर्णय झाला नाही. झाला तो इतिवृत्तामुळे.

मी सुनावणीत एका नाल्याबद्दल बोललो होतो. अहवालातल्या नकाशात तो दाखवलेलाच नव्हता. आमच्या भागात त्या नाल्याला नाव आहे, तो कोणत्या गट नंबरांमधून जातो ते सगळ्यांना माहीत आहे, मे महिन्यातही त्याच्या एका डोहात जनावरं पाणी पितात. प्रस्तावित ओबीचा ढिगारा, म्हणजे कोळशावरची उपसलेली माती, बरोबर त्याच्या वरच्या अंगाला पडणार होती. हे सगळं मी नावानिशी बोललो. आवाज चढवला नाही, आकडे दिले, लोकांनी मान डोलावली, टाळ्याही पडल्या. नंतर इतिवृत्त हातात आलं. दोन रकाने: एकीकडे लोकांनी मांडलेले मुद्दे, दुसरीकडे प्रकल्प प्रवर्तकाचं, म्हणजे खाण कंपनीचं, उत्तर. माझ्या नावापुढे लिहिलं होतं की पाण्याच्या प्रश्नाबाबत चिंता व्यक्त केली. उत्तराच्या रकान्यात, आवश्यक त्या उपाययोजना करण्यात येतील. माझ्यानंतर बोललेल्या तिघांच्या पुढे तर उत्तर म्हणून फक्त "वरीलप्रमाणे" होतं. त्यातला एक जण ब्लास्टिंगने भिंतींना पडलेल्या भेगांबद्दल बोलला होता.

नाला गेला. नकाशातून आधी गेला होता, आता नोंदीतूनही गेला.

लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. पन्नास-साठ माणसं बोलतात, निम्मी एकाच वेळी, माईक घुमतो, आणि एका हाताने सारांश काढायचा असतो. सारांश म्हटला की तपशील गळणारच. पण खाणीच्या बाबतीत तपशील हाच मुद्दा असतो. मी "चिंता" मांडली नव्हती. नकाशा चुकीचा आहे असं म्हटलं होतं. चिंतेवर आश्वासन देऊन मोकळं होता येतं, पण चूक दाखवली की एकतर ती मान्य करावी लागते किंवा ती चूक कशी नाही हे सांगावं लागतं. इतिवृत्तातल्या त्या एका वाक्याने माझा मुद्दा दुसऱ्या प्रकारातून पहिल्या प्रकारात ढकलला.

कायद्यात यावर उपाय आहे, हे वाचून तुम्हाला बरं वाटेल आणि लगेच हसूही येईल. सुनावणीच्या शेवटी कार्यवाहीचा सारांश उपस्थितांना स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो, आणि संमत झालेल्या इतिवृत्तावर अध्यक्षांची सही त्याच दिवशी व्हायची असते. म्हणजे चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून घेता येते. फक्त ही वाचनाची वेळ येते तेव्हा मंडपात खुर्च्या गोळा करणारे असतात. जनावरं घरी, शेवटची एसटी निघालेली, सकाळपासून उन्हात बसलेली माणसं थकलेली. मीही तोवर थांबलो नव्हतो. थांबलेले कोणी माझ्या ओळखीत नाही. तुम्ही थांबणार असाल, आणि तुमच्यासोबत अजून चार-पाच जण थांबणार असतील, तर या लेखातला माझा अर्धा आक्षेप गळून पडतो. तेवढं प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पुढच्या वेळी, शेजारच्या पट्ट्याच्या प्रस्तावावर, मी बोललो नाही. लिहिलं. एका पानात मावेल एवढंच. अहवालाच्या अमुक पानावरच्या नकाशात तमुक नाला नाही, तो या गट नंबरांतून जातो, सोबत तलाठ्याकडच्या गावनकाशाची प्रत आणि उन्हाळ्यातले फोटो. खाली एक प्रश्न: ढिगाऱ्याची धूप होऊन माती या नाल्यात येणार नाही यासाठी काय केलं आहे? कार्यालयात आवक शिक्का मारून पोच घेतली. अंतिम अहवाल आला तेव्हा त्यात माझी हरकत जोडलेली होती, नाला नकाशावर आलेला होता, आणि गाळ अडवणाऱ्या बांधाबद्दल एक परिच्छेद होता. उत्तर मला पटलं असं नाही. पण ते त्या नाल्याबद्दलचं उत्तर होतं. एका माणसाचा अनुभव आहे, यावरून नियम काढू नका. दुसऱ्या एखाद्याची लेखी हरकतही "वरीलप्रमाणे"च्या खड्ड्यात गेली असेल.

तरी या अनुभवाला कायद्याचा थोडा टेकू आहे. गोव्यातल्या एका खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २००९ च्या निकालात म्हटलं की सुनावणीतल्या हरकतींचा मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीने काय विचार केला आणि त्या का मान्य किंवा अमान्य केल्या, याची कारणं तिच्या नोंदीत दिसली पाहिजेत. आता विचार करा, "चिंता व्यक्त केली" याचा समिती काय विचार करणार? आणि मंजुरी मिळालीच, तर हरित न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस असतात, सबळ कारण दाखवलं तर वर जास्तीत जास्त ६०. आपल्यासाठी ते पश्चिम खंडपीठ, पुणे. तिथे वकील पहिला प्रश्न विचारतो, "हे तुम्ही तेव्हा मांडलं होतं का? कागद आहे?" शिक्का असलेलं एक पान त्या वेळी भाषणाच्या आठवणीपेक्षा कितीतरी जास्त चालतं.

लेखी हरकतीच्या अडचणी कमी नाहीत. पहिली, अहवाल. मराठीत मिळतो तो कार्यकारी सारांश, आणि त्यात सगळं गोड असतं. पूर्ण मसुदा इंग्रजीत, शेकडो पानांचा. तो जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी बघायला ठेवलेला असतो. सगळा वाचायला जाऊ नका, तिथेच लोक हरतात. खाणीच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या परिघाचा नकाशा असतो तो काढा, आणि आपल्या ओळखीच्या गोष्टी त्यात शोधा: विहिरी, नाले, शाळा, गुरांच्या वाटा, देवराई. हवा-पाण्याची मोजमापं बहुतेक एकाच ऋतूतली, पावसाळा सोडून घेतलेली असतात, ती कोणत्या महिन्यांतली आहेत ते पाहा. धूळ मोजायचं यंत्र वाऱ्याच्या कोणत्या बाजूला लावलं होतं, तेही. गावातल्या माणसाला इथे तज्ज्ञापेक्षा जास्त कळतं, फक्त पान नंबर टाकून सांगावं लागतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीचा अहवाल रशियातल्या खाणीच्या अहवालावरून उतरवलेला निघाला होता, हे अनेकांना आठवत असेल. ते कोणी भाषण ऐकून सापडलेलं नाही. कोणीतरी पानं उलटली.

दुसरी अडचण, छापील नमुने. सुनावणी आली की संघटना एकच मजकूर छापून वाटतात, खाली फक्त नाव भरायचं. हेतू चांगला असतो. पण दोनशे सारख्या अर्जांची नोंद एक मुद्दा म्हणून होते, आणि त्यात तुमचा नाला नसतो. तुमचं स्वतःचं, वेड्यावाकड्या अक्षरातलं अर्धं पान त्यापेक्षा जड, असं माझं मत. तिसरी, पोच द्यायला टाळाटाळ होते. साहेब जेवायला गेले आहेत, उद्या या. उद्या जाऊ नका, त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

आणि लिहिणं एकट्याचं काम आहे. मंडपात गाव एकत्र दिसतं, बायका एकत्र येतात, पोरांना कळतं की आपले आईबाप कशाविरुद्ध उभे आहेत. छत्तीसगडमधल्या हसदेव जंगलातल्या लोकांनी २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये रायपूरपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर पायी चालत जाऊन जे मिळवलं, ते टपालाने मिळालं नसतं. पुढच्या जुलैत छत्तीसगड विधानसभेने तिथल्या कोळसा पट्ट्यांविरुद्ध एकमताने ठराव केला. त्यानंतरही तिथे झाडं पडलीच, हा भाग वेगळा.

ग्रामसभेच्या ठरावाबद्दल थोडक्यात. वनजमीन जात असेल आणि वनहक्क कायदा लागू असेल, किंवा गाव पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली) असेल, तर ठराव या दोन्हींपेक्षा मोठं हत्यार आहे, तिथे आधी तेच करा. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये बारा ग्रामसभांनी बॉक्साइट खाण नाकारली ती याच जोरावर. पण इतिवृत्ताचं पुस्तक कोणाकडे आहे यावर लक्ष ठेवा. मध्य प्रदेशातल्या सिंगरौलीच्या महान कोळसा पट्ट्याच्या ठरावावर मेलेल्या माणसांच्या सह्या असल्याचा आरोप झाला होता. बिगर-अनुसूचित गावात, खासगी शेतजमिनीच्या बाबतीत, ठरावाचं वजन नैतिकच जास्त.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. सरकारी कंपनीसाठी जमीन कोळसाधारक क्षेत्र कायदा, १९५७ खाली जाते तेव्हा कलम ७ च्या अधिसूचनेनंतर ३० दिवसांत कलम ८ ची हरकत घेता येते. तो जमिनीचा कागद. पर्यावरण सुनावणी वेगळी, तिचा कागद वेगळा. लोक मंडपात एकरी भाव मागतात आणि कलम ८ च्या अर्जात धुळीबद्दल लिहितात, आणि दोन्हीकडून "हा आमचा विषय नाही" असं ऐकून येतात.

तर कोणी काय करावं? तुमच्याकडे सांगण्यासारखी एक ठोस गोष्ट असेल, जिला जागा आहे, नंबर आहे, फोटो आहे, तर लिहा. घरात खाणीवर अवलंबून असलेलं कोणी असेल तरी लिहा. पुढे न्यायाधिकरणात जायची थोडीशीही शक्यता वाटत असेल तर लिहाच. गावाला जागं करायचं असेल, पत्रकार येणार असतील, किंवा सुनावणीतच काही गडबड होणार अशी कुणकुण असेल, तर मंडपात जा आणि वाचन होईपर्यंत बसा. दोन्हींत डावं-उजवं करू नये असं मला वाटतं, पण मला एकच निवडायला लावलंत तर मी शिक्का मारलेलं पान निवडेन.

त्या म्हातारीसारख्या माणसांचं मात्र काय, हा प्रश्न उरतो. तिने लिहावं असं मी म्हणणार नाही. लेखी निवेदन सुनावणीच्या जागीही देता येतं. तेव्हा तिच्या शेजारी लिहिता येणारा एक जण बसवा, ती बोलली तेच तिच्या शब्दांत कागदावर घ्या, विहिरीचा गट नंबर टाका, अंगठा घ्या, दोन प्रती करा. सभा सुरू असतानाच एक प्रत मंचावर द्या आणि दुसरीवर पोच मागा.